फुकट पाण्यालाही मीटर लागतो

नमस्कार,

पुण्यात घरोघरी मीटर बसवून वापराप्रमाणे पाण्याचं बिल घ्यावं, असा लेख मी लिहिला होता. त्यावर

"पाणी हा हक्क आहे. मीटर बसला की पहिला नळ गरिबाचाच कापला जाईल. दिल्लीसारखं फुकट का देत नाही?" असं तुम्ही विचारलंत. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमचं अर्धं म्हणणं मला पटलंय.

आधी न पटलेलं. पुण्यात घरगुती पाणीपट्टी वर्षानुवर्षे मिळकतकराच्या बिलातून, घराच्या करयोग्य मूल्यावर घेतली जाते. नळ किती वेळ चालला याच्याशी तिचा संबंध नाही. रोज पाइप लावून गाडी धुणारे आणि बादलीत भांडी विसळणारे एकाच इमारतीत, सारख्या आकाराच्या घरांत राहत असतील, तर सारखंच भरतात. आणि 2017 व 2021 मध्ये हद्दीत आलेल्या गावांत, जिथे नळाला पुरेसं पाणी नाही, तिथे खासगी टँकर मागवावा लागतो. टँकरवाला मोजूनच पैसे घेतो. मी अशा सोसायटीत चार वर्षं काढली आहेत. मे महिन्यात देखभालखर्चापेक्षा टँकरचं बिल मोठं असायचं. पाण्याला भाव लावू नका असं आपण म्हणतो, तेव्हा ज्याच्या घरी नळ आहे त्याच्यापुरतंच बोलत असतो.

दिल्लीचे महिन्याला 20 हजार लिटर मोफत मिळतात तेही चालू मीटर असलेल्या घरालाच. शिवाय 20 हजारांच्या वर गेलं की सगळ्या पाण्याचं बिल येतं. माणशी रोज 135 लिटर हे आपल्याकडचं शहरी मानक धरा. पाच माणसांच्या घराला तीस दिवसांत 20,250 लिटर लागतात. म्हणजे मानकाइतकंच पाणी वापरणारं कुटुंबही सवलतीबाहेर, आणि दोघांच्या बंगल्यात बाग भिजवूनही शून्य बिल.

इथेच तुमचं म्हणणं खरं ठरतं. वापराबरोबर चढत जाणारा दर मी लेखात सुचवला, पण चाळीत आठ बिऱ्हाडांचा एक मीटर असला तर ती आठही बिऱ्हाडं सर्वांत महाग टप्प्यात जातात. तेव्हा टप्पे नळावर नकोत, माणसांच्या संख्येवर हवेत. लेखात ते नळावर धरले, ही माझी चूक होती.

कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि चढता दर आणला, पण त्याबरोबर चोवीस तास पाणीही दिलं. हे महत्त्वाचं आहे. दिवसातून तासभरच पाणी येतं तिथे आपण पिंप भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की कालचं 'शिळं' पाणी ओतून देतो. नळ कधीही येणार असेल तर साठवायचं कशाला?

नळ कापण्याची भीती मात्र खरी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये पाणी कंपन्या खासगी आहेत, तरी 1999 च्या कायद्याने थकबाकीसाठी घरगुती नळ तोडायला बंदी आहे. आपल्याकडे मीटरच्या आधी ही तरतूद यायला हवी. मूळ लेखात ही अट नव्हती, आज घातली आहे.