‘५० कोटी टन शेतकचरा जाळला जातो’ : खुलासा

भारतातील शेतकरी दरवर्षी ५० कोटी टन शेतकचरा जाळतात, असा संदेश सध्या अनेक गटांत फिरत आहे. तो मीही पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या नावे सर्वत्र दिला जाणारा ५० कोटी टनांचा अंदाज जाळलेल्या नव्हे, तर वर्षभरात निर्माण होणाऱ्या एकूण पीक-अवशेषांचा आहे. त्यासोबतच वापरून उरणारे अवशेष सुमारे १४ कोटी टन आणि जाळले जाणारे सुमारे ९ कोटी टन दिलेले असतात, हा भाग संदेशात गळला आहे.

हे आकडे कोणी काटा लावून मोजत नाही. पिकाच्या उत्पादनाला ठरावीक गुणोत्तराने गुणून ते काढतात (एक टन भातामागे साधारण दीड टन पेंढा), त्यामुळे गुणोत्तर बदलले की अंदाजही बदलतो. शिवाय यातला पुष्कळसा माल कचरा नव्हेच. ज्वारीचा कडबा आपल्याकडे शेकड्याच्या भावाने विकला जातो आणि कपाशीची वाळलेली पऱ्हाटी चुलीत जाते, पण बेरजेत दोन्ही धरलेली असतात.

नऊ कोटी टन जळणे हीदेखील लहान गोष्ट नाही. तरीही जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्ती द्यावी.