थांबायला काय जातंय?

आज आम्ही नात्यातल्या एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत एका पाहुण्यांनी चारचौघांत बाबांना सुनावलं, "अण्णा, तेव्हा तुम्ही घाई केलीत. पाच वर्षं दम धरला असता तर पेन्शन कापली गेली नसती." बाबा काहीच बोलले नाहीत, ताटातली जिलबी मोडत बसले. कार्य दुसऱ्याचं, म्हणून मीही तिथे गप्प राहिले. इथे राहणार नाही.

हे गृहस्थ सरकारी खात्यातून ५८ व्या वर्षी हारतुरे घेऊन निवृत्त झाले. जुनी पेन्शन, वर महागाई भत्ता. त्यांच्या कष्टाचं आहे, त्यांना लखलाभ. पण त्यांनी ईपीएस ९५ वाल्या, म्हणजे खासगी नोकरीतल्या पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतल्या माणसाला दम धरायला शिकवू नये!

बाबा नाशिकला अंबड एमआयडीसीत लेथवर होते. २०१० साली कंपनीला टाळं लागलं तेव्हा ते ५३ चे. माझा डिप्लोमा चालू, घराचे हप्ते चालू. ईपीएसची पूर्ण पेन्शन ५८ ला. नोकरी सुटली असेल आणि दहा वर्षं भरली असतील तर पन्नाशीनंतर आधीही मिळते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितके वर्षाला ४ टक्के कापतात, तेही कायमचे.

आईच्या शिलाई मशीनच्या झाकणावर ठेवून आम्ही पेन्शन मागायचा तो १०डी फॉर्म भरला. अक्षर माझं. बाबांनी विचारलं, "किती कापतील गं?" मी म्हटलं, वीस टक्के. ते बराच वेळ नखात बसलेलं काळं तेल कोरत राहिले. मग सही केली.

ही घाई?

नोकरी असताना कोणी ही पेन्शन मागत नाही, मागताही येत नाही. बाहेर काढलेला माणूसच ती मागतो. त्याला 'थांबा' म्हणायचं, तर त्या पाच वर्षांत त्याच्या घरचा किराणा कोण भरणार तेही सांगा. आणि थांबून मिळणार काय? पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा महिना १५,०००, भागिले ७०, गुणिले नोकरीची वर्षं. पस्तीस वर्षं मशीनवर उभं राहिलात तरी साडेसात हजारांच्या आसपास. २०१४ साली किमान पेन्शन ठरवली ती १,००० रुपये. महागाई भत्ता नाहीच.

हो, घरात दुसरा पगार असेल, तब्येत धडधाकट असेल तर ५८ पर्यंत थांबावं. ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढही मिळते. तेवढं मान्य.

पण घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलेच. समजा ५८ ला महिन्याला शंभर रुपये मिळाले असते, ५३ ला ऐंशी मिळाले. पाच वर्षांत ऐंशीप्रमाणे ४,८०० आधीच हातात आले. पुढे महिन्याला वीसचा तोटा. तो ४,८०० ला गाठायला २४० महिने, म्हणजे वीस वर्षं लागतात. वयाची ७८ पूर्ण होईपर्यंत बाबांचं एका पैशाचंही नुकसान नाही. आणि त्या ऐंशी रुपयांवर तेव्हा घरात दूध येत होतं, माझी फी भरली जात होती, त्याचा हिशोब कुठल्या रकान्यात मांडायचा?

रागातच लिहायला बसले होते. आता राग नाही उरला, घसा दाटून आलाय.

कारण मघाशी तो कागद बाबांना दाखवला. ते सत्तरीला टेकलेत, चष्मा लावून आकडे बोटाने वाचत गेले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग म्हणाले, "म्हणजे मी चुकलो नव्हतो?"

इतकी वर्षं हा माणूस ती सही मनात घेऊन वावरत होता, आणि आम्हाला कुणाला कळलं नाही.

म्हटलं, नाही बाबा, अजिबात नाही.

"मग हे जरा मोठ्याने वाच," ते म्हणाले, "आत आईला ऐकू जाऊ दे."