खातेय ना, मग दुखत नसणार

आमच्या कुत्रीची वरची मोठी दाढ फुटली आणि ऑपरेशन करून काढावी लागली, एवढंच मी फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. मामा म्हणाले, परदेशात जाऊन तुम्ही पोरं जनावरांचे फाजील लाड करता, कुत्र्याला भूल देऊन कोणी दात काढतं का, खातेय ना नीट, मग झालं तर. दुसरी पार्टी लगेच सुरू, बघा तिकडे मुक्या जिवाची किती कदर आहे, आपल्याकडे कुणाला पडलीय. मला दोन्ही पटत नाही.

आधी मामांचं. अहो मामा, कुत्रं दात ठणकत असला तरी खातं. फार तर एका बाजूने चावतं, मग न वापरलेल्या बाजूच्या दातांवर जास्त कीटण चढतं, एवढाच काय तो पुरावा. आमच्या बाईंच्या दाढेचा बाहेरच्या अंगाचा अख्खा टवका उडालेला आणि मधोमध बारीकसा काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे आतली नस उघडी पडून मेलेली. तिथून जंतू मुळापर्यंत उतरतात, पू होतो, पुढे कधीतरी डोळ्याखाली सूज येते आणि लोक डोळ्यात थेंब घालत बसतात!

बरं ही दाढ पकडीने ओढून येणारी नाही. कुत्र्याच्या 42 दातांपैकी वरच्या जबड्यातली ही सगळ्यात दणकट, तिला 3 मुळं, ती पण तीन दिशांना फाकलेली. ओढली की मूळ तुटून आत राहणार. म्हणून पूर्ण भूल, घशात नळी, आधी एक्स-रे, वर ती बाजू बधिर करायचं इंजेक्शन वेगळं, मग हिरडी उचलून बाहेरचं थोडं हाड ड्रिलने घासायचं, दाढेचे 3 तुकडे करायचे आणि एकेक मूळ हळूहळू सैल करत काढायचं. परत एक्स-रे, आत काही राहिलं नाही ना बघायला, आणि मग विरघळणारे टाके. मला ते तिन्ही तुकडे दाखवले, मूळ दिसणाऱ्या दातापेक्षा लांब होतं. यात लाड कुठे आले?

आता दुसरी पार्टी. इकडे सगळी कदरच असती तर बिल बघून महिनोन्‌महिने ढकलणारे लोक इकडे दिसले नसते, आणि ते भरपूर आहेत. ज्या दुकानात कुत्र्यांची टूथपेस्ट मिळते त्याच दुकानात शेजारच्या फळीवर हरणाची शिंगं चघळायला म्हणून विकायला ठेवलेली असतात, ज्यांनी नेमकी हीच दाढ फुटते. (अंगठ्याचं नख रुतत नाही ती वस्तू कुत्र्याच्या तोंडात द्यायची नाही, सोपा नियम आहे.) भूल न देता दात साफ करून देणारेही इकडेच बोकाळलेत. अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यांची संस्था त्याच्या विरोधात आहे, कारण हिरडीखालचं त्यात साफ होत नाही आणि एक्स-रे पण काढता येत नाही, तरी धंदा चालूच. आणि ही सर्जरी नीट करणारे डॉक्टर तिकडेही आहेत हो, आपण विचारतच नाही.

भुलीची भीती मला मान्य आहे. म्हातारं कुत्रं असेल, हृदयाचं काही असेल तर आधी रक्ततपासणी करा, भूल देताना लक्ष ठेवायला वेगळा माणूस आहे का ते विचारा. पण घाबरून फुटका दात तसाच ठेवणं हा काही उपाय नाही.

सध्या ग्रुपवर नवीन वाद, काढलीच कशाला, रूट कॅनाल का नाही केलं. होतं की, कुत्र्यांचंही होतं, आणि सुळा असेल तर मी पण आधी तेच विचारलं असतं. पण त्यात काही महिन्यांनी परत एक्स-रे, म्हणजे परत भूल, आणि आमची ही दगड दिसला की तोंडात घालणारी. काढली तेच बरं.