माहेरवाशीण एडिस

घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या संकुलात राहूनही ज्यांच्या घरी पावसाळा डेंग्यूविना कोरडा जातो, अशा दुर्दैवी ठाणेकरांसाठी हे चार शब्द आहेत. प्रथम गटार, नाला आणि खाडीचा चिखल यांवर भिस्त ठेवणे सोडावे. घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्यूलेक्स डास, आणि तो डेंग्यू आणत नाही. डेंग्यू आणणारी एडिस इजिप्ती डासाची मादी ही घरंदाज माहेरवाशीण आहे. बाळंतपणाला तिला स्वच्छ, साचलेले आणि कोणी न हलवलेले पाणी लागते, आणि ते सुशिक्षित कुटुंबाइतके मायेने कोण पुरवणार? ठाणे तलावांचे शहर म्हणवते. आपण निदान कुंडीखालच्या ताटलीत एक तलाव राखावा.

फ्रिजमागचा ट्रे ओढून पाहण्याचा मोह आवरावा. मनीप्लांटच्या बाटलीतले पाणी बदलू नये, वरून नुसती भर घालावी. (माझ्या घरची हिरवी बाटली एकदा उजेडाकडे धरली, तर स्वल्पविरामाएवढ्या अळ्या डोके खाली करून पृष्ठभागाला लटकलेल्या होत्या, आणि बाटली हलताच वळवळत तळाशी गेल्या. त्याच सकाळी मी नाल्याबद्दल सचिवांकडे लेखी तक्रार दिली होती.)

ती एका खेपेस सुमारे १०० अंडी घालते, तीही पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला. आणि उबदार हवेत ८ ते १० दिवसांत, म्हणजे बारशाच्या आतच, नातवंडे उडू लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करण्याचा तो ‘कोरडा दिवस’ कटाक्षाने टाळावा. शेजाऱ्यांच्या भिडेखातर पाळावाच लागला, तर पिंप उपडे करून थांबावे, आतून घासू मात्र नये, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागले की फुटतात. मलेरियाचीही हौस असेल, तर गच्चीवरच्या टाकीचे झाकण अर्धे सरकवून ठेवावे.

ही बाई दिवसा चावते, तेव्हा मच्छरदाणी रात्रीपुरतीच लावावी आणि दुपारी बाळाला उघड्यावर निजवावे. पालिकेचा कर्मचारी बॅटरी घेऊन अळ्या पाहायला आला, तर दाराच्या साखळीआडूनच ‘आमच्याकडे सगळे स्वच्छ असते’ असे सांगावे. धूरफवारणीची मागणी मात्र ठणकावून करावी. धूर लागतो तो उडत्या डासांना. पाण्यातल्या अळ्यांच्या केसालाही धक्का लागत नाही, शिवाय गाडीचा आवाज ऐकताच आपण खिडक्या लावून घेत असल्याने माहेरची मंडळी घरात सुखरूप राहतात.

इतके करून घरात कोणाला ताप भरला आणि रोज प्लेटलेट मोजण्याची पाळी आली, की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नाल्याचे छायाचित्र टाकावे. ते खिडकीतून काढले तरी चालते. चौकटीत मनीप्लांट येणार नाही, एवढे पाहावे.