पोस्ट काढा, पण कोणी आणि का काढली ते सांगा

नाशिककराने तरी "एक पोस्ट उडाली, त्यात काय एवढं" असं म्हणू नये. कवी गोविंद आपल्याच गावचे. 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल. त्याच डिसेंबरात विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या गेल्या आणि फेब्रुवारी 1910 मध्ये इंग्रजांनी नवा प्रेस अ‍ॅक्ट आणला. छापखान्याकडून अनामत घ्यायची, नको ते छापलं की ती जप्त. जुलमी कायदा होता. तरी जप्तीचा हुकूम छापखानेवाल्याच्या हातात पडायचा आणि तो घेऊन हायकोर्टात जाता यायचं.

आज आयटी कायद्याच्या कलम 69अ खाली केंद्र सरकार एखादी पोस्ट, अकाउंट, अख्खी वेबसाइट बंद करायला लावू शकतं. 2009 च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की तक्रार आणि तिच्यावरची कारवाई गुप्त ठेवायची. नोटीस बहुतेक वेळा कंपनीला जाते, लिहिणाऱ्याला कळतच नाही. माहिती अधिकारात विचारलं की याच नियमावर बोट ठेवून नकार येतो.

सगळ्यात खटकणारी गोष्ट पुढे आहे. 24 मार्च 2015 ला श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने याच कायद्यातलं कलम 66अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिलं म्हणून अटक करू देणारं कलम, रद्द केलं, पण 69अ ठेवलं. का ठेवलं? तर आदेशात कारणं लेखी द्यावी लागतात, म्हणून त्याला कोर्टात आव्हान देता येतं. अहो, पण आदेशच हातात येणार नसेल तर आव्हान कशाला द्यायचं?

66अ ने काय केलं ते महाराष्ट्राने पाहिलंय. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. ते कलम गेल्यावरही सवय गेली नाही. मे 2022 मध्ये अभिनेत्री केतकी चितळेला फेसबुक पोस्टवरून अटक झाली, महिनाभराहून जास्त ती आत होती. मला ती पोस्ट अजिबात आवडली नव्हती, तरी अटक चूकच होती. आणि दोन्ही वेळा राज्यात आजचं सरकार नव्हतं. म्हणून कृपा करून कमेंटमध्ये पक्षाचे झेंडे घेऊन येऊ नका.

"मग अफवांचं काय?" हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजांनी डोकी आधीच भडकली होती. त्याच सुमारास आपल्या मालेगावातही जमावाने काही जणांना घेरलं होतं, त्यांच्यासोबत लहान मूलही होतं. तिथे ती माणसं वाचली, कारण पोलीस जमावाच्या मध्ये उभे राहिले. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. ती उघडपणे घातली, सगळ्यांना सारखी. तेव्हा रक्त सांडायला लावणारा मजकूर तासाभरात काढा, माझी हरकत नाही. पण त्यासाठी गुप्ततेची गरज कुठे पडते, हे मला कोणी समजावून सांगावं.

उलट पसारा वाढतोच आहे. गृहमंत्रालयाच्या 'सहयोग' पोर्टलवरून 69अ ची वाट न धरता कलम 79 खाली (लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून कंपन्यांना अटींवर सूट देणारं कलम) कंपन्यांना मजकूर हटवण्याच्या नोटिसा जातात. 'एक्स' (पूर्वीचं ट्विटर) त्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली, सप्टेंबर 2025 मध्ये हरली. एक्सला माझी सहानुभूती नाही, या कंपन्याही कारण न देता पोस्ट उडवतात. निफाडकडचा माझा एक मित्र कांद्याच्या भावावर व्हिडिओ टाकतो. त्याचा एक व्हिडिओ गेला तेव्हा कंपनीकडून आली ती फक्त एक साचेबंद ओळ. सरकारने सांगितलं, कोणी तक्रार केली की मशीननेच उडवला, त्याला आजवर कळलेलं नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने केंद्राचं फॅक्ट चेक युनिट घटनाबाह्य ठरवलं. सरकारबद्दलचं खरं-खोटं सरकारनेच ठरवण्याची ती सोय होती. कोणीतरी याचिका केली म्हणून ते झालं. आता सोळाव्या नियमाची पाळी यायला हवी. आपले खासदार मतदारसंघात आले की कांदा, पाणी, रस्ते विचाराच, पण हेही विचारा: ज्याची पोस्ट काढली त्याला आदेशाची प्रत द्यायला तुमची ना आहे का? आणि उत्तर देतील ते रेकॉर्ड करून इथे टाका.