पंख पेटलेला आणि दारं बंद

उजवा पंख पेटलाय, खिडकीतून ज्वाळा दिसतायत आणि केबिन क्रू सांगतोय, जागेवर बसून राहा. २७ जून २०१६ च्या सकाळी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर हे घडलं. सिंगापूर एअरलाइन्सचं मिलानला निघून वाटेतून परतलेलं एसक्यू ३६८, बोइंग ७७७-३००ईआर, २२२ प्रवासी आणि १९ कर्मचारी. आग विझली, मग सगळे शिडीवरून उतरले. कुणालाही इजा नाही. तरी असा व्हिडिओ फिरला की खाली तोच प्रश्न येतो: दारं का उघडली नाहीत?

माझं मत सरळ आहे. दारं न उघडण्याचा निर्णय बरोबर ठरला, पण तो घेण्याची रीत कच्ची होती.

आधी आग लागली कशी ते बघू. जेट इंजिनात ऑइल म्हणजे वंगण तापतं आणि टाकीतून येणारं इंधन थंड असतं. हीट एक्स्चेंजरमध्ये बारीक नळ्यांमधून दोन्ही शेजारी शेजारी वाहतात. ऑइल निवतं, इंधन कोमट होतं. या जीई-९० इंजिनात त्यातली एक नळी फुटली. इंधनाचा दाब ऑइलपेक्षा जास्त, त्यामुळे इंधन ऑइलमध्ये घुसलं आणि तिथून इंजिनात नको तिथे पोचलं. उड्डाणाला सुमारे दोन तास झाल्यावर ऑइलचे आकडे बिघडले, थरथर जाणवली, जळका वास आला. टाकीतलं इंधन आणि हिशोबाने उरायला हवं ते इंधन जुळत नाही, असाही संदेश आला. हा संदेश आला की पहिला संशय गळतीचा घ्यायचा असतो. इथे इंजिन बंद न करता आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, ठेवून विमान परत आणलं. म्हणजे गळती चालूच.

मग हवेत का पेटलं नाही? उडताना वाऱ्याच्या झोतात गळलेलं इंधन मागे उडून जातं. धावपट्टीवर वेग कमी करायला इंजिनाची हवा पुढच्या दिशेला वळवणारे थ्रस्ट रिव्हर्सर उघडले की इंजिनाभोवतीच्या हवेची दिशाच बदलते. इंधन एक्झॉस्टजवळच्या (गरम वायू बाहेर पडतात तिथल्या) तापलेल्या धातूवर पडलं आणि भडकलं. जेट इंधनाला दर वेळी ठिणगी लागतेच असं नाही, धातू पुरेसा तापलेला असला की भागतं.

कॉकपिटमध्ये प्रत्येक इंजिनासाठी फायर हँडल असतं. ओढलं की इंजिनाचं इंधन, हायड्रॉलिक (दाबाखालचं तेल) आणि ब्लीड एअर (इंजिनातून बाहेर घेतली जाणारी हवा) तुटते, वीज देणारा जनरेटर बंद होतो. फिरवलं की बाटलीतला हॅलॉन हा आग विझवणारा वायू इंजिनाच्या आवरणात सुटतो. तीस सेकंदांत फरक पडला नाही तर दुसरी बाटली. मेख अशी की हॅलॉन बंदिस्त जागेत काम करतो. पंखाखाली सांडून पेटलेल्या इंधनापुढे त्याचं काही चालत नाही, तिथे अग्निशमन दलाचा फोमच लागतो.

आता स्लाइड, म्हणजे आणीबाणीत दाराखाली फुगणारी घसरगुंडी. विमानाला दोन्ही बाजूंना पाच-पाच दारं. उजवीकडे आग म्हणजे ती पाच बाद. डावीकडून उतरवायचं तर डावं इंजिन आधी बंद हवं. चार महिन्यांनी, २८ ऑक्टोबर २०१६ ला, शिकागोच्या ओहेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या ७६७ चं उजवं इंजिन टेकऑफच्या धावेत फुटून पेटलं. विमान थांबलं, डावं इंजिन अजून फिरत होतं आणि मागे केबिनमध्ये दारं उघडली गेली. त्या झोताने फेकला गेलेला एक प्रवासी गंभीर जखमी झाला. केबिन क्रूला नव्या मॉडेलचा इंटरफोन (विमानातला आपसातला फोन) नीट वापरता आला नव्हता, म्हणून कॉकपिटशी बोलणंच झालं नाही. बरं, स्लाइडवर घोटे मुरगळतात, कोपरं सोलवटतात, आणि खाली फोमच्या गाड्या धावत असतात. तरीही बॅगा घेऊन उतरणारे महाभाग शिकागोत होतेच.

पण याच्या उलट टोकाचं उदाहरण विसरून चालणार नाही. २२ ऑगस्ट १९८५, मँचेस्टर. ब्रिटिश एअरटूर्सच्या ७३७ च्या डाव्या इंजिनातला ज्वलनकक्ष फुटला, त्याचा तुकडा पंखाखालच्या टाकीच्या झाकणावर आदळला. टेकऑफ रद्द झाला, विमान धावपट्टीवरून वळवून टॅक्सीवेवर (बाजूच्या रस्त्यावर) उभं केलं आणि वाऱ्याने आग थेट विमानाच्या अंगावर ढकलली. वारा काही सोसाट्याचा नव्हता. १३७ पैकी ५५ जण गेले, बहुतेक धुराने. तिथे बसा म्हणणं म्हणजे मृत्यूच.

म्हणून ठरवताना ज्वाळा किती उंच यापेक्षा वारा कुठून येतोय, केबिनमध्ये धूर शिरतोय का, फोम सुरू झालाय का, हे बघायचं. चांगीत गाड्या लगेच पोचल्या आणि आग आवरत आली.

मग कच्चं काय होतं? कॅप्टनला स्वतःच्या खिडकीतून मागचं इंजिन दिसत नाही. त्याने जवळजवळ सगळा भरवसा बाहेरच्या फायर कमांडरच्या, म्हणजे अग्निशमन दलाच्या प्रमुखाच्या, शब्दावर ठेवला. तो माणूस एकीकडे आग विझवतोय आणि दुसरीकडे २४१ लोकांचा निर्णय त्याच्याच रेडिओवरून होतोय! ७७७-३००ईआरला जमिनीवर वळताना चाकं दिसावीत म्हणून कॅमेरे असतात, त्यांचं चित्र कॉकपिटच्या पडद्यावर घेता येतं. शेपटीकडचे कॅमेरे पंख आणि इंजिनं दाखवतात. ते त्या सकाळी वापरले गेले नाहीत. उजव्या दारांपाशी बसलेले क्रू सदस्यही होते. त्यांना ज्वाळा खिडकीतून दिसत होत्या.