पॉलिक्लोनल अँटीबॉडी सरसकट उणे ८० अंशांत टाकू नका

‘अँटीबॉडी आली की थेट उणे ८०ला ठेवा, जितकं थंड तितकी टिकते. पॉलिक्लोनल असेल तर कितीही वेळा गोठवा-वितळवा, फरक पडत नाही. ट्यूबा जमतील तितक्या लहान भरा. सगळ्यांत अझाइड घाला.’ हा निरोप परळपासून कालिना-पवईपर्यंत प्रयोगशाळांत काम करणारी मुलं एकमेकांना पाठवत आहेत. नवखी मुलं त्यावर विश्वास ठेवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे. अँटीबॉडी म्हणजे ठरावीक रेणूला, म्हणजे अँटिजेनला, पकडणारं प्रथिन; पॉलिक्लोनल म्हणजे एकाच अँटिजेनला पकडणाऱ्या अनेक अँटीबॉडींचं मिश्रण; अझाइड म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं रसायन.

आधी थंडीचं बघू. अनेक पॉलिक्लोनल अँटीबॉडी ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतात. हे द्रावण उणे २० अंशांना गोठत नाही, म्हणूनच लागेल तेवढं काढून ट्यूब परत ठेवता येते. तीच ट्यूब उणे ८०ला नेली की गोठते आणि ग्लिसरॉल घालण्याचा हेतूच उरत नाही. एचआरपी (चाचणीत खूण उमटवणारं एन्झाइम) किंवा फ्लुरोसंट रंग जोडलेली अँटीबॉडी सहसा गोठवायचीच नसते. ती २ ते ८ अंशांत ठेवायची, रंगाची असेल तर उजेडापासून झाकून. ग्लिसरॉल नसलेलं द्रावण मात्र छोट्या ट्यूबांत वाटून उणे २० किंवा उणे ८०ला ठेवता येतं. फक्त फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर नको, कारण साचलेला बर्फ काढायला तो अधूनमधून आतून तापतो.

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव ज्या सर्पदंशावरच्या औषधाशी जोडलेलं आहे, त्यातही घोड्यांच्या शरीरात तयार झालेल्या पॉलिक्लोनल अँटीबॉडीच असतात. पाणी काढून पावडर केलेलं हे औषध गावच्या आरोग्य केंद्रात उणे ८०च्या फ्रीझरशिवाय टिकतं.

सगळ्यात घातक दुसरा, कितीही वेळा गोठवा-वितळवा हा दावा आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. पॉलिक्लोनलमध्ये अनेक बी-पेशींच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या) अँटीबॉडी असतात, त्या अँटिजेनला वेगवेगळ्या जागी पकडतात. त्यामुळे अँटिजेनचा आकार थोडा बिघडला तरी काही अँटीबॉडी त्याला ओळखतात. पण म्हणून त्या स्वतः जास्त टिकाऊ ठरत नाहीत. द्रावण गोठताना बर्फाबाहेर उरलेल्या थोड्या पाण्यात क्षार आणि प्रथिनं दाटतात, सोडियम फॉस्फेट बफरचा पीएच घसरतो, प्रथिनांच्या गुठळ्या होतात. दर खेपेला हे पुन्हा घडतं. मग ब्लॉटवर (अँटीबॉडीने प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) पट्टी फिकी येते, पार्श्वभूमी काळी पडते आणि मुलं दोष स्वतःच्या हाताला देतात. शिवाय ज्या सशाच्या सीरममधून (रक्तातल्या द्रवातून) अँटीबॉडी घेतली, त्याचा सीरम संपला की संपला. पुढचा लॉट, म्हणजे पुढची खेप, दुसऱ्या सशाची, त्यातलं मिश्रण हुबेहूब तेच नसतं. म्हणून पॉलिक्लोनलला जास्तच जपायला हवं.

ट्यूबांबद्दल थोडक्यात: १० मायक्रोलिटरपेक्षा कमी भरू नका. इतक्या कमी द्रावणात बाष्पीभवनाचा आणि प्लास्टिकला चिकटून जाणाऱ्या प्रथिनाचा वाटा मोठा होतो. प्रत्येक ट्यूबवर लॉट क्रमांक लिहा, आणि पावसाळ्यात ट्यूब बाहेर काढताच ओली होते, तेव्हा न पुसणाऱ्या शाईनेच.

अझाइड साधारण ०.०२ टक्के प्रमाणात जंतूंची वाढ रोखतं, हे खरं. पण ते एचआरपीचं काम थांबवतं, जिवंत पेशींना मारतं आणि अँटीबॉडीला रंग जोडण्याच्या प्रक्रियेत आड येतं. सिंकमध्ये ओतलं तर तांब्या-शिशाच्या नळात स्फोटक क्षार तयार होऊ शकतात. लेबल न वाचता ते कशातही घालू नका.

निरोप वाचून ट्यूब आधीच उणे ८०ला गेली असेल तर फेकू नका. एकदाच, बर्फावर हळूहळू वितळवा, सेंट्रिफ्यूज करून गुठळ्या खाली बसवा आणि वरचं द्रावण खात्रीच्या पॉझिटिव्ह कंट्रोलवर (ज्यात अँटिजेन नक्की आहे अशा नमुन्यावर) तपासून मगच वापरा.